काळ्या ढेकळाच्या पोटात

मे संपत आलेला असतो. भुसावळचा पारा 45 अंशांना शिवून आलेला असतो आणि यावल-रावेरकडच्या कोरडवाहू काळ्या रानात हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. दुपारी वरच्या मातीचं तापमान साठीच्या घरात पोचतं. अशा मातीत काही जिवंत असेल यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. मग एखाद्या संध्याकाळी सातपुड्याकडून वारं सुटतं, टपोरे थेंब पडू लागतात आणि तो वास दरवळतो.

हा वास जिवाणूंनी तयार केलेला असतो. स्ट्रेप्टोमायसिस वंशातले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात. थेंब मातीवर आपटला की सूक्ष्म तुषारांबरोबर ते हवेत उडतं. आपल्या नाकाला ते एक लाख कोटी भागांत पाच भाग एवढंसं असलं तरी कळतं. जिवाणू ही खटपट का करतात, याचं एक सुरेख उत्तर 2020 साली मिळालं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे मुंगीहून लहान, उड्या मारणारे जीव असतात. ते या वासावर धावून येतात, जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू अंगावर घेऊन दुसरीकडे पोचवतात. म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीला आपण ज्या वासानं हरखून जातो, तो मुळात या चिमुकल्या वाहकांना दिलेला सांगावा आहे.

वास येतो तेव्हा जमिनीखाली त्याहून मोठी उलथापालथ सुरू झालेली असते. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च या मृदाशास्त्रज्ञानं 1958 साली ती मांडली. कडक वाळलेली माती ओली केली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर पडतो आणि त्याच वेळी पिकाला घेता येईल असं नत्र मोकळं होतं. कारण असं : उन्हाळ्यात तगून राहण्यासाठी सूक्ष्मजीवांनी आपल्या पेशींत अमिनो आम्लं, शर्करा अशी द्रव्यं साठवलेली असतात. अचानक पाणी आलं की ती ओकून टाकावी लागतात, नाहीतर पेशी फुटते. पुष्कळ फुटतातच. जे वाचतात ते ओकलेलं आणि मेलेलं दोन्ही खाऊन काही तासांत भराभर वाढतात. वाळलेली ढेकळं पाण्यानं विरघळून फुटतात, तेव्हा त्यांच्या पोटात दडलेला सेंद्रिय कर्बही या जेवणात येतो. पहिल्या पावसानंतर पेरणीची जी घाई असते, तिच्यामागे ओल धरण्याचं कारण आहेच. पण या नत्राचा वाटा मुळांना मिळणं की पुढच्या मुसळधार पावसानं तो खाली वाहून जाणं, याचाही निकाल त्याच दिवसांत लागतो. ठिबकवर मेअखेरीला लावलेल्या पूर्वहंगामी कापसाची मुळं तेव्हा जागेवर हजर असतात. त्या कापसाचा जोम पाहताना मला या अदृश्य खताची नेहमी आठवण होते.

हे सगळं ज्या मातीत घडतं, ती मातीही काही साधी नाही. खानदेशची काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. ही चिकणमाती थरावर थर अशी रचलेली असते आणि पाणी त्या थरांच्या मध्ये शिरतं, म्हणून ओली झाली की ती फुगते आणि वाळली की आक्रसून फाटते. शुद्ध स्मेक्टाइटच्या एका ग्रॅममधले सगळे थर उलगडले तर 700 ते 800 चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. चिमूटभर चिकणमातीत गावातल्या सात-आठ घरांच्या जागेएवढा विस्तार! त्यावर पाण्याचा पापुद्रा आणि पोषक द्रव्यांचे कण धरलेले असतात. अशा एक ग्रॅम मातीत शंभर कोटींपर्यंत जिवाणू राहतात. त्यांच्या हजारो जाती आहेत आणि बहुतेकांना अजून कुणीही प्रयोगशाळेत वाढवू शकलेलं नाही.

त्यांच्या आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हवेचा. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. त्यामुळे मातीतली पोकळी पाण्यानं भरली की आतल्यांचा श्वास कोंडतो. 1985 साली संशोधकांनी मातीच्या लहान ढेकळांत अतिशय बारीक इलेक्ट्रोड घुसवून ऑक्सिजन मोजला. बोटाच्या पेरापेक्षाही लहान ओल्या खड्याच्या मध्यभागी काही ठिकाणी तो शून्य निघाला. बाहेरच्या कडेला भरपूर हवा, आणि काही मिलिमीटर आत एक पूर्ण ऑक्सिजनहीन देश. दोन्हीकडे वेगळे जीव, वेगळं रसायन. आपण ज्याला शेत म्हणतो ते अशा अब्जावधी सरहद्दींचं मिळून बनलेलं असतं. शेतातल्या नत्राचं काय होणार, हे या सरहद्दींवर ठरतं.

नत्राचा विषय काढला की प्रथम वर पाहावं. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे. एक हेक्टर शेताच्या डोक्यावर आकाशापर्यंत जेवढी हवा आहे, तिच्यात सुमारे 78 हजार टन नत्र असतं. आणि खाली पीक नत्रावाचून पिवळं पडतं, कारण त्या वायूतले दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं धरून असतात आणि तो बंध तोडणं वनस्पतीला जमत नाही. जमतं ते काही जिवाणूंना. मूग, उडीद, चवळी महिन्याची झाली की एखादं रोप मुळासकट अलगद उपटून पाहावं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतात. नखानं गाठ फोडली आणि आत गुलाबी-लाल रंग दिसला तर कारखाना चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या सख्ख्या नात्यातला. आतल्या रायझोबियम जिवाणूंना श्वासापुरता ऑक्सिजन लागतो, पण नत्र फोडणारं त्यांचं विकर ऑक्सिजनच्या स्पर्शानं निकामी होतं. म्हणून झाड हा लाल पदार्थ बनवून प्राणवायू मोजूनमापून आत सोडतं. माणसानं हेच काम 1913 साली जर्मनीतल्या ओपाऊ इथं कारखान्यात सुरू केलं, तेव्हा त्याला शेकडो अंशांची उष्णता आणि हवेच्या शंभर-दोनशे पट दाब लागला. मुगाची मुळी ते जळगावच्या मातीत, मातीच्याच तापमानाला करते. जळगावच्या डाळ मिलांमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दाण्यातल्या प्रथिनात अशा गाठींची कमाई असते.

आता युरियाची गोणी. 45 किलोच्या गोणीत साधारण 20 किलो 700 ग्रॅम नत्र. युरिया मातीत पडला की आधी युरिएज नावाचं विकर त्याचा अमोनिया करतं. हे विकर जिवाणू आणि बुरशी बनवतात. जेम्स समनर यांनी 1926 साली अबईच्या जातीच्या एका घेवड्यातून ते स्फटिकरूपात वेगळं केलं. कुठलंही विकर शुद्ध स्फटिकात मिळण्याची ती पहिली वेळ होती आणि त्या कामाबद्दल पुढे त्यांना नोबेल मिळालं. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा आठच्या आसपास असतो. असल्या विम्ल मातीवर युरिया नुसता फेकला की अमोनिया सरळ हवेत उडून जातो. मातीआड केला की टिकतो. सांगायला इतकी साधी गोष्ट, पण तिच्यावर दर हंगामात किती पैसा उडून जातो!

मातीत टिकलेल्या अमोनियमवर नायट्रोसोमोनाससारखे जीव तुटून पडतात आणि त्याचं नायट्राइट करतात. दुसरे जीव नायट्राइटचं नायट्रेट करतात. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी 1890च्या सुमारास हे जीव वेगळे केले आणि जगाला चकित केलं. हे जीव सूर्यप्रकाशावर जगत नाहीत, दुसऱ्यांनी बनवलेलं अन्नही खात नाहीत. अमोनिया जाळून मिळणाऱ्या ऊर्जेवर हवेतल्या कार्बनपासून ते आपलं शरीर बांधतात. पुढे सव्वाशे वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच लिहिलं गेलं की या कामाला दोन वेगळे जीव लागतात. 2015 साली नायट्रोस्पायरा वंशातला एक जिवाणू सापडला जो दोन्ही पायऱ्या एकटाच चढतो. तो गोड्या पाण्यात, मातीत, सांडपाण्याच्या प्रकल्पात सगळीकडे होता. रोज पायाखाली असलेली गोष्ट इतक्या उशिरा दिसली.

नायट्रेट पिकाला आवडतं. पण ते मातीच्या कणांना चिकटत नाही, कारण दोघांवरही ऋण भार असतो. पाण्याबरोबर ते खाली जातं आणि विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, आणि जळगाव जिल्ह्यात अनेक ठिकाणच्या विहिरींनी ही मर्यादा ओलांडलेली आहे. जे नायट्रेट खाली जात नाही आणि मुळांनाही मिळत नाही, ते ढेकळाच्या त्या ऑक्सिजनहीन पोटात सापडतं. तिथल्या जिवाणूंना ऑक्सिजन नसतो, म्हणून ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून श्वास घेतात. टप्प्याटप्प्यानं नायट्रेटचा नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी पुन्हा हवेतला निरुपद्रवी नायट्रोजन होतो.

सगळी गोम शेवटच्या पायरीत आहे. ती चढायला तांबं असलेलं एक खास विकर लागतं. सगळ्या जिवाणूंकडे ते नसतं, आणि ऑक्सिजनची झुळूक आली तरी ते बंद पडतं. काम अर्ध्यावर थांबलं की नायट्रस ऑक्साइड हवेत निसटतो. जोसेफ प्रीस्टली यांनी 1772 साली शोधलेला, पुढे दंतवैद्यांनी भूल देण्यासाठी वापरलेला, हसवणारा वायू तो हाच. हवेत तो शंभर वर्षांहून अधिक टिकतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो नायट्रस ऑक्साइड 273 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडकवतो. औद्योगिक युगाआधी हवेच्या अब्ज भागांत तो 270 भाग होता. 2019 साली 332 झाला. ही वाढ मुख्यतः शेतातून आली आहे.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगरच्या केळीपट्ट्यात हिशेब करून पाहू. लावणी मृगबागेच्या हंगामातली असो की कांदेबागेच्या, दीड बाय दीड मीटरवर केली तर हेक्टरी 4,444 झाडं बसतात. झाडाला 200 ग्रॅम नत्राची शिफारस धरली तर हेक्टरी सुमारे 889 किलो नत्र. जगभर वापरला जाणारा ढोबळ नियम असा की दिलेल्या नत्राचा एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपानं जातो. म्हणजे नऊ किलो नत्र, अर्थात 14 किलो वायू. 273 नं गुणलं की कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत 3 टन 800 किलो होतात. साडेसोळाशे लिटर पेट्रोल जाळल्यावर एवढा धूर निघेल. कोरड्या हवामानात हा एक टक्का अर्ध्यावर येतो, ओल्या हवामानात वाढतो. आकडा इकडेतिकडे सरकला तरी एका हेक्टरातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या एका अर्धवट श्वासाची ही किंमत आहे.

इथेच खानदेशातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातली एक गोष्ट शास्त्राच्या नेमक्या आकड्यावर येऊन बसते. रान वाफशावर आलं का, हे तो माती मुठीत दाबून ठरवतो. गोळा होतो, पण बोटानं दाबला की मोडतो. त्या अवस्थेत मातीतल्या पोकळ्यांपैकी साधारण 60 टक्के पाण्यानं आणि बाकी हवेनं भरलेल्या असतात. सूक्ष्मजीवांचा श्वास आणि अमोनियमचं नायट्रेट होणं, दोन्ही तेव्हा भरात असतात. 70-80 टक्क्यांवर पाणी गेलं की नायट्रस ऑक्साइड उफाळतो. पूर्ण तुंबलं की तो वायू बाहेर पडायच्या आत जिवाणू त्याचा नायट्रोजन करून टाकतात. म्हणजे सर्वांत वाईट अवस्था पूर्ण चिखलाची नाही, अर्ध्या कोंडमाऱ्याची आहे. खत टाकलं, मोकाट पाणी दिलं आणि वर ऑगस्टची झड लागली की काळी जमीन फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे काही दिवस ती नेमकी या अवस्थेतून जाते. वर्षभरात निसटणाऱ्या वायूचा मोठा भाग अशा मोजक्या दिवसांत निसटतो.

ठिबकाचं मोल मला म्हणूनच फक्त पाणी वाचण्यात दिसत नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशननं जळगावातून ठिबक घराघरांत पोचवलं आणि केळीच्या शेतीचा चेहरा बदलला. ठिबकाखाली माती वाफशाच्या जवळपास राहते आणि विद्राव्य खत आठवड्याच्या हप्त्यानं, मुळांना जेवढं लागतं तेवढंच जातं. नायट्रेटचा साठाच नसेल तर कोंडलेले जीव कशानं श्वास घेणार? मात्र रोज तासन्‌तास ठिबक चालवून झाडाखाली दलदल केली तर हा फायदा हातचा जातो, आणि असे बागही दिसतात. आपल्या जमिनीची आणखी एक भली बाजू आहे. ते शेवटच्या पायरीचं तांब्याचं विकर आम्ल मातीत अडखळतं, विम्ल मातीत नीट चालतं. अमोनिया उडवणारा तोच सामू इथे आपल्या बाजूनं उभा असतो.

शेतातून पाणथळीकडे गेलं की जीवांचं रसायन आणखी खोल उतरतं. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला पूर्णा तापीला मिळते आणि खाली भुसावळ तालुक्यात हतनूरचं धरण आहे. पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या कापसाच्या रानांतून येते आणि तापी मुलताईहून सातपुड्याच्या पायथ्यानं. दोघींनी आणलेली काळी माती हतनूरला बसते, इतकी की धरणाची साठवण तिनं बरीच खाल्ली आहे. हिवाळ्यात तिथे चक्रवाक आणि परदेशी बदकं उतरतात. सगळ्यांच्या नजरा पाण्यावर असतात. मला ओढ असते पाण्याखालच्या गाळाची.

त्या गाळात वरचे काही मिलिमीटर सोडले तर ऑक्सिजन नाही. तिथे पंगत बसते आणि तिचा क्रम ठरलेला असतो. ऑक्सिजन संपला की नायट्रेटवर श्वास घेणारे बसतात. ते संपलं की मॅंगनीजवाले, मग लोहवाले. लोहाचं रूप बदलतं तेव्हा तांबूस माती करडी-निळसर होते. मग सल्फेटवाले, ज्यांच्यामुळे सडक्या अंड्याचा वास येतो. प्रत्येक पुढच्या पंक्तीला कमी ऊर्जेवर भागवावं लागतं. सगळ्यांचं उरलं की शेवटी मिथेन बनवणारे येतात. हे जिवाणूही नव्हेत. कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 साली त्यांच्या रेणूंची तुलना केली तेव्हा जीवसृष्टीची एक सबंध वेगळी शाखा समोर आली, आर्किया. त्यांनी बनवलेल्या वायूचे गाळातून निघणारे बुडबुडे अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी 1776 साली इटलीतल्या माज्जोरे सरोवरात काठीनं चिखल ढवळून बाटलीत धरले होते आणि ते पेटवून दाखवले होते. उन्हाळ्यात उथळ, कोमट झालेल्या काठाशी चिखल ढवळला तर हतनूरलाही असेच बुडबुडे वर येतात. मिथेन हवेत जेमतेम बारा वर्षं टिकतो, पण तेवढ्यातही शंभर वर्षांच्या हिशेबात किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या 27 ते 30 पट काम करतो.

गाळाच्या अगदी वरच्या पातळ थरात मिथेन खाणारे जिवाणू राखण करत बसलेले असतात. खालून आलेल्या वायूचा मोठा वाटा ते पाण्यात पोचण्याआधीच जाळून टाकतात. बुडबुडा मात्र त्यांना चुकवून जातो, आणि पाणकणसाच्या पोकळ देठातूनही मिथेन परस्पर वर निघतो. त्याच देठातून खाली ऑक्सिजन उतरतो आणि मुळाभोवती गंजाच्या रंगाची कडी दिसते. तरी पाणथळीला दोष देणं मला पटत नाही. शेतातून वाहून आलेल्या नायट्रेटचा नायट्रोजन करून पाणी स्वच्छ करण्याचं काम तिच्याच ऑक्सिजनहीन चिखलात होतं, आणि शतकानुशतकांचा कर्ब तिथेच न कुजता राहतो.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत 2017 पासून असा धरणांचा गाळ शेतात पसरला जातो. अंधारात राहिलेली माती एकदम उन्हात आणि हवेत येते, पंगत उलटी फिरते, साठलेल्या अमोनियमवर नायट्रेट करणारे तुटून पडतात. पहिल्या वर्षी पीक तरारून येतं त्यात या अचानक मोकळ्या झालेल्या नत्राचा वाटा असतो. म्हणून गाळ टाकलेल्या रानात पहिल्या हंगामात युरियाचा हात आखडता घ्यावा.

धुळे जिल्ह्यात पांझरेवर हाच हवा-पाण्याचा खेळ शतकानुशतकं गावानं मिळून चालवला. फड पद्धतीत बंधाऱ्याच्या पाटाखालची जमीन फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि फडाचं पीक आलटूनपालटून. पाटकरी पाणी सोडणार ते ठरल्या पाळीनं. एका फडाला भिजण्याचे दिवस आणि सुकण्याचे दिवस असायचे. जगभरच्या भातशेतीत आज नेमकी हीच गोष्ट सांगितली जाते. शेत सतत पाण्याखाली न ठेवता मधून सुकू दिलं की मिथेन बनवणाऱ्यांचा क्रम मोडतो आणि मिथेन तिसऱ्या हिश्श्यानं, कधी निम्म्यानं घटतो. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात पिंपळनेरकडे भात होतो, तिथे उतारामुळे पुष्कळ खाचरं आपोआपच अधूनमधून सुकतात.

एक गोष्ट मात्र आपल्या हातून रोज बिघडते आहे. उष्ण प्रदेशात सूक्ष्मजीव वर्षभर वेगानं खातात, त्यामुळे खानदेशच्या बहुतेक रानांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपासच उरतो. जगातल्या मातीच्या वरच्या एका मीटरमध्ये वातावरणापेक्षा जास्त कार्बन आहे, आणि आपण आपल्या वाट्याचा बांधावर जाळतो. कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या की कर्ब आणि नत्र दोन्ही धुरात जातात. बारीक करून मातीत मिसळल्या तर कुजतात, फक्त लाकडात नत्र अगदी कमी असल्यानं सूक्ष्मजीव ते मातीतून उचलतात आणि काही आठवडे पिकाला उपाशी ठेवतात. म्हणून त्या पेरणीच्या बऱ्याच आधी गाडाव्यात. केळीचं तसंच आहे. घड उतरल्यावर हेक्टरी कित्येक टन ओलं खोड राहतं. बांधाच्या कडेला किंवा नाल्यात रचलं तर ढिगाच्या पोटात हवा संपते आणि हतनूरच्या गाळात बसते तीच पंगत तिथे बसते, मिथेनपर्यंत. तेच खोड चकत्या करून ओळींच्या मधे पसरलं तर हवेतले जीव ते खातात, खोडातलं पालाश जागच्या जागी मुळांना परत मिळतं आणि कर्बाचा काही हिस्सा चिकणमातीच्या थरांना घट्ट धरून पिलांपासून येणाऱ्या पुढच्या पिलबागेपर्यंत, कधी त्याहून कितीतरी जास्त काळ मातीत राहतो.